डी.फार्म.नंतर बी.फार्म.: थेट दुसऱ्या वर्षाची वाट

• डी.फार्म.: बारावी विज्ञाननंतर 2 वर्षं आणि 500 तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. राज्यात परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची.

• बी.फार्म.: 4 वर्षं, 8 सत्रं. पदवी विद्यापीठाची.

• पदविकाधारकाला थेट तिसऱ्या सत्रात, म्हणजे दुसऱ्या वर्षात प्रवेश. पहिल्या वर्षासाठी सीईटी लागते. इथे पदविकेच्या गुणांवर यादी लागते. मात्र पदविकेची संस्था भारतीय औषधनिर्माण परिषदेची (फार्मसी कौन्सिल) मान्यताप्राप्तच हवी. प्रवेशापूर्वी हे तपासावं.

• थेट आलेल्यांना संवादकौशल्य आणि संगणक हे पहिल्या वर्षाचे विषय जादा पूर्ण करावे लागतात.

• फार्म.डी. वेगळी: 6 वर्षांची. डी.फार्म. झालेल्यालाही ती पहिल्या वर्षापासूनच. बी.फार्म.नंतर मात्र 3 वर्षांत.

• सांगलीजवळच्या माधवनगरकरांना जवळची महाविद्यालयं: सांगलीत अप्पासाहेब बिरनाळे, वाळवा तालुक्यात कासेगावचं राजारामबापू, सातारा जिल्ह्यात कराडचं शासकीय.

• दुकानात औषधं देण्यासाठी राज्य परिषदेची नोंदणी सक्तीची. आधार 1948चा फार्मसी कायदा.