पानाचा काप किती खोल?

पपईचे पान कातरलेले असते असे आपण सहज म्हणतो. जास्वंदीचेही कातरलेले, आणि शेवग्याचे तर विचारूच नका! वनस्पतीचे वर्णन करताना मात्र एवढ्यावर भागत नाही. काप कडेपुरताच आहे, की आत मध्यशिरेकडे गेला आहे, आणि गेला असेल तर किती, हे सांगावेच लागते. नवख्या माणसाला झाड ओळखायला फुलाआधी हीच खूण हाताशी असते.

जास्वंदीची कड देठाजवळ गुळगुळीत असते, टोकाकडे दाते सुरू होतात. हे दातेरी पान. दाते टोकाच्या दिशेने झुकलेले असले की ते करवती. एरंडाचे वर्णन दोनदा करावे लागते : पान हस्ताकृती खंडित, म्हणजे पंजासारखे विभागलेले, आणि त्या खंडांची कड पुन्हा करवती. पपईत काप आणखी खोल जातो, तरी देठाच्या टोकाशी सगळे खंड हिरव्या पात्याने जोडलेले राहतात. काटेसावरीत तोही दुवा तुटतो. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा छोटा देठ असतो. हे संयुक्त पान आणि तुकडे म्हणजे पर्णिका.

पर्णिका की स्वतंत्र पान, हे कसे ठरवायचे? बगलेत कळी शोधायची. कडुनिंबाच्या दांडीवर कुठल्याही पर्णिकेच्या बुडाशी कळी सापडत नाही. ती सापडते दांडी फांदीला मिळते तिथे. म्हणजे अख्खी दांडी मिळून एकच पान! मला ही कसोटी फार आवडते. शेवग्याला लावली, तर बारीक पाल्याचा हातभर झुबका एकच पान ठरतो.

हे काप कोणी कापलेले नसतात. कोवळ्या पानाच्या कडेवर ऑक्झिन हे संप्रेरक ठरावीक जागी साठते. तिथे दाता पुढे येतो, शेजारची वाढ मागे राहते. मोहरीच्या कुळातल्या कार्डामाइन हिर्सुटा या तणात ही मधली वाढ रोखणारे आरसीओ नावाचे जनुक संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. त्याच कुळातल्या अरॅबिडॉप्सिस थॅलियानाने ते गमावले आहे आणि तिचे पान साधे आहे. तिच्यात ते पुन्हा घातले, की कड खोल विभागू लागते.

कुंडीतल्या मॉन्स्टेराची तऱ्हा निराळी. तिच्या कोवळ्या पानातल्या ठरावीक पेशी मरतात आणि भोके पडतात. केळीच्या चिंध्या मात्र वाऱ्याने होतात, म्हणून त्या कितीही फाटल्या तरी वर्णनात केळीचे पान अखंड कडेचेच लिहायचे.