घासाल तेवढे गमवाल

गाडीचे चाक थंड आणि ओले असताना त्यावर लोहकण काढणारा द्रव फवारला की सुरुवातीला काहीच होत नाही. मग आऱ्यांच्या कडांवर, नटांच्या खाचांत, रिमच्या आतल्या काठावर जांभळे ठिपके उमटू लागतात. बघता बघता ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे ओघळ खाली उतरतात. वास येतो तो ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करताना येतो तोच, कारण दोन्ही ठिकाणी थायोग्लायकोलेट हेच रसायन काम करत असते. केसांत ते गंधकाचे बंध सोडवते. चाकावर ते लोखंडाला धरते आणि त्याचे पाण्यात विरघळणारे जांभळे संयुग करते.

चाक अ‍ॅल्युमिनियमचे, मग लोखंड आले कुठून? ब्रेकमधून. डिस्क ओतीव लोखंडाची असते. पॅड तिच्यावर आवळला गेला की दोघांचीही झीज होते आणि तापलेले बारीक कण चाकावर आदळून तिथेच रुततात. पावसाचे पाणी मिळाले की ते गंजतात, फुगतात आणि भोवतीचा थर उचकटतात. साबणाने धुतल्यावरही हाताला जो खरखरीतपणा लागतो, तो या कणांचा. तो घालवायला बहुतेक जण सँडपेपर, तारेचा ब्रश किंवा बफिंगचे यंत्र हातात घेतात. जुन्या गाड्यांच्या मूळ चाकांचा सर्वाधिक नाश याच क्षणी होतो. गंज वर्षानुवर्षे जेवढे खातो, त्याहून जास्त एका दुपारच्या बफिंगमध्ये जाते.

काय जाते हे समजण्यासाठी एक विशिष्ट चाक डोळ्यांसमोर ठेवू. 1966 साली पोर्शेने 911 एस ही गाडी आणली, तेव्हा तिला पाच पाकळ्यांची चाके होती. जर्मनीतल्या माइनर्ट्सहागेन गावच्या ओटो फुक्स कंपनीने ती बनवली होती. पोर्शेच्या मॉडेल विभागातल्या हाइनरिश क्ली यांनी त्यांचा आकार घडवला. पंधरा इंच व्यास, रुंदी जेमतेम साडेचार इंच. त्या काळी मिश्रधातूची चाके बहुधा ओतीव असत. वितळलेला धातू साच्यात ओतून ती काढत. फुक्सचे चाक घडीव आहे. अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा गरम गोळा प्रचंड दाबाखाली ठोकून त्याला आकार देतात. त्यामुळे ओतकामात राहणारी सूक्ष्म छिद्रे त्यात राहत नाहीत आणि कमी वजनात जास्त ताकद मिळते. स्प्रिंगच्या खालचे वजन घटले की चाक रस्त्याला अधिक घट्ट धरून राहते. ही चाके 1989 पर्यंत, रुंदी बदलत बदलत, 911 वर येत राहिली. आजही जुनी 911 जरा दुरून दिसली, तर आधी ओळख पटते ती चाकांवरून.

या चाकाचा मंद, किंचित राखाडी उजळपणा पॉलिशचा नाही. तो अ‍ॅनोडायझिंगचा आहे, आणि या लेखातली खरी मौल्यवान वस्तू तीच.

उघड्या अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. तो जेमतेम दोन ते चार नॅनोमीटर जाडीचा असतो; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा पापुद्र्यामुळे हा धातू टिकतो, एरवी तो लोखंडापेक्षा कितीतरी तत्परतेने ऑक्सिजनशी संयोग पावणारा आहे. अ‍ॅनोडायझिंगमध्ये हाच थर मुद्दाम वाढवतात. वस्तू सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवून तिला विजेचे धन टोक जोडले की ऑक्साइड धातूतूनच वाढू लागतो. त्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी छिद्रांची रचना तयार होते. शेवटी गरम पाण्यात ठेवून ती छिद्रे बुजवतात. बाहेर वापरायच्या वस्तूंवर हा थर साधारण 5 ते 25 मायक्रॉनचा, म्हणजे नैसर्गिक थराच्या हजारो पट जाड असतो. 1923 मध्ये ब्रिटनमध्ये बेन्गॉ आणि स्टुअर्ट यांनी समुद्री विमानांच्या ड्युराल्युमिन भागांसाठी क्रोमिक आम्लाची पद्धत काढली. खाऱ्या पाण्याशी झुंजण्यासाठीच ही विद्या जन्माला आली.

रंग धातूवर बसतो, अ‍ॅनोडायझिंग धातूतून उगवते. म्हणून ते सोलवटून निघत नाही. पण एकदा घासून गेले की घरच्या घरी परत आणताही येत नाही. बफ मारलेले फुक्स चाक आठवडाभर आरशासारखे झळाळते, ज्यांना चमक हवी असते ते खूश होतात. पुढे ते निस्तेज पडते, पुन्हा बफ मारावे लागते, आणि प्रत्येक खेपेला पाकळ्यांच्या कडा थोड्या गोलावतात. मागच्या बाजूला ठोकलेले रुंदीचे आणि तारखेचे आकडेही पुसट होत जातात. त्या आकड्यांवरूनच तर हे चाक याच गाडीबरोबर कारखान्यातून निघाले की नाही ते ताडता येते!

मग धुवायचे कशाने? इथे पीएच पाहावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड साधारण पीएच 4 ते 8.5 या पट्ट्यात स्थिर असतो. त्याखालच्या आम्लात तो विरघळतो आणि त्यावरच्या अल्कातही विरघळतो. मराठी स्वयंपाकघराला हे ठाऊक आहे. कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकतात ती उगीच नाही: नळाचे पाणी उकळताना अल्कधर्मी होत जाते आणि अ‍ॅल्युमिनियमवरचा थर बदलून भांडे काळवंडते, किंचित आंबटपणा ते थोपवतो. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड तवा डिशवॉशरमध्ये घालू नका असे बजावलेले असते, त्याचे कारणही अल्कच. चाकाचा कारभार याहून वेगळा नाही. कॉस्टिक सोडा असलेले ओव्हन क्लीनर किंवा ग्रीस काढायचे कडक द्रव चाकावर ओतले की बुडबुडे येतात. तो मळ निघाल्याचा पुरावा नव्हे. ऑक्साइड संपून उघडा धातू विरघळू लागला आणि हायड्रोजन बाहेर पडला, त्याचे ते बुडबुडे. अ‍ॅनोडायझिंग काढून टाकायचे असते तेव्हा कारखान्यातही कॉस्टिकच वापरतात.

आम्लाच्या बाजूचा धोका तर माणसाच्या जिवाशी आहे. चाक झटपट पांढरे करणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा ते तयार करणारे अमोनियम बायफ्लोराइड असते. पातळ द्रावण हातावर पडले तर लगेच फारसे दुखत नाही. फ्लोराइड त्वचेतून आत उतरते आणि शरीरातल्या कॅल्शियमला बांधून टाकते. वेदना काही तासांनी सुरू होतात, आणि जास्त प्रमाण असेल तर हृदयाचे ठोकेही बिघडतात. त्यावर आधी भरपूर पाणी आणि मग कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हा प्रथमोपचार आहे. ते कोणत्या गॅरेजात ठेवलेले असते? लेबलावर फ्लोराइडचा उल्लेख दिसला, की बाटली जिथे होती तिथे परत ठेवावी.

खरी पद्धत संथ आहे. चाक सावलीत पूर्ण थंड होऊ द्यायचे. आधी नुसत्या पाण्याने माती सोडवायची, कारण वाळूचे कण ब्रशखाली सापडले की तेच सँडपेपर होतात. मग गाडीचा साधा, उदासीन पीएचचा शाम्पू आणि मऊ केसांचा ब्रश. नटांच्या खाचांसाठी दात घासायचा जुना ब्रश उत्तम. त्यानंतरच लोहकणांचा द्रव. तो वाळू न देता धुऊन टाकायचा. डांबराचे ठिपके उरले तर केरोसिनमध्ये जेमतेम भिजवलेली चिंधी हलक्या हाताने फिरवायची आणि पुन्हा शाम्पू. लोखंडी स्टील वूल कधीही नाही. त्याचे तुटलेले धागे अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात रुतले, तर आपण काढायला निघालो ते लोखंड आपणच पेरून ठेवतो.

शेवटचे पाणी कोणते, हा आपल्याकडचा खास प्रश्न. बोअरचे पाणी जड असते, वाळल्यावर पांढरे डाग ठेवते. घरच्या आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी गाडी धुवायला वापरण्याची काटकसर अनेक सोसायट्यांत चालते. फरशीला ते चालेल, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी गोळा झालेले असतात. जुन्या चाकावरून शेवटचा हात गाळलेल्या, कमी क्षारांच्या पाण्याने फिरवावा आणि मऊ कापडाने लगेच कोरडे करावे.

क्षारांची ही काळजी आणखी एका कारणाने. मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळते. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्याहून ओली असते. म्हणजे गॅरेजात झाकून ठेवलेल्या, एक थेंबही पाऊस न लागलेल्या गाडीच्या चाकावर खारट पाण्याचा पातळ थर असू शकतो. त्यातले क्लोराइड ऑक्साइडच्या एखाद्या कमकुवत जागी शिरते आणि तिथे बारीक खड्डा पडतो. खड्ड्याच्या आत विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी अभिक्रिया करून तो कोपरा आम्लधर्मी करते. आम्लामुळे आणखी धातू विरघळतो आणि आम्ल आणखी वाढते. वर दिसते ती फक्त पांढऱ्या भुकटीची टाचणीच्या टोकाएवढी पुटकुळी. जुन्या चाकावर अशी पुटकुळी दिसली तर ती खरवडून आरशासारखी करण्याचा मोह टाळावा. लाकडी काडीने भुकटी काढावी, क्षार धुवावेत, जागा पूर्ण वाळवावी आणि मेणाने बंद करावी. खड्डा दिसत राहील, त्याची वाढ मात्र मंदावेल.

1980च्या दशकातल्या अनेक चाकांची गोष्ट वेगळी. मशीनवर तासलेला उघडा धातू आणि त्यावर पारदर्शक लॅकर, अशी त्यांची रचना. दगड उडून लॅकरला टवका गेला की तिथून आतल्या आत केसासारख्या वळणावळणाच्या रेघा पसरतात. भिंगातून पाहिले तर रेघेचे पुढचे टोक ओले असते आणि मागची शेपटी कोरडी. टोकाशी आम्ल आणि क्लोराइड जमलेले असते, ऑक्सिजन मागून झिरपतो, आणि या फरकावर ती पुढे सरकत राहते. दोन रेघा सहसा एकमेकींना ओलांडत नाहीत. जवळ येताच एक वळण घेते. अशा चाकावर वरून कितीही मेण लावले तरी उपयोग शून्य. टवका पडलेला दिसताच, रेघ सुरू होण्याआधी, तेवढीच जागा लॅकरने बुजवणे हाच इलाज.

मॅग्नेशियमच्या चाकांना तर साबण लावण्याआधीही विचार करावा. लँबॉर्गिनी मिउरावरची काम्पान्योलोची चाके, मिनी कूपरवर गाजलेली मिनिलाइट, ही मूळची मॅग्नेशियमची. घनता 1.74, अ‍ॅल्युमिनियमची 2.70, शर्यतीत हा फरक सोन्याचा. पण मॅग्नेशियमचा ऑक्साइड धातूपेक्षा कमी जागा व्यापतो, म्हणून तो पृष्ठभाग सलग झाकू शकत नाही आणि संरक्षणही देत नाही. त्या काळी क्रोमेटचा पिवळसर थर देऊन वर रंग लावत. तो मूळ थर शिल्लक असेल तर त्याला हातही लावू नये. घासताना निघणारा भुगा पेट घेऊ शकतो, आणि त्यावर पाणी टाकले तर हायड्रोजन सुटून आग भडकते. कोरडी वाळू जवळ ठेवल्याशिवाय हे काम करू नये, आणि अनुभव नसेल तर मुळीच करू नये.

दुरुस्तीच्या दुकानात चाक दिले की आणखी दोन संकटे. जुना रंग काढायला काही ठिकाणी चाक भट्टीत टाकतात, जिथे तापमान 400 अंशांच्या आसपास असते. या मिश्रधातूंची ताकद उष्णता-प्रक्रियेतून येते. आधी पाचशेच्या वर तापवून पाण्यात थंड करतात, मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवतात, आणि तेव्हा धातूच्या आत अतिसूक्ष्म कण बसून तो कणखर होतो. 400 अंशांना ते कण वाढून विस्कटतात. चाक बाहेरून छान दिसते आणि आतून मऊ झालेले असते. दुसरे संकट वाळूच्या माऱ्याचे: त्याने भेगांची तोंडे दाबली जाऊन मिटतात. म्हणून भेगा तपासायच्या त्या माऱ्याच्या आधी. लाल रंगद्रव्य लावायचे, पुसायचे, पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर तिच्यातला लाल रंग भुकटीवर रेघ ओढतो. साठ वर्षांच्या चाकावर पुन्हा वेगाने धावायचे असेल, तर शंभर पॉलिशांपेक्षा ही एक चाचणी मोलाची.

आंतरराष्ट्रीय जुन्या वाहनांच्या महासंघाने, म्हणजे फिव्हाने, 2012 मध्ये ट्युरिनची सनद मंजूर केली. जपणूक आणि पुनर्बांधणी यांत तिने फरक केला आहे, आणि मूळ साहित्य शक्य तितके राखण्यावर भर दिला आहे. चाकाच्या बाबतीत याचा अर्थ मला असा वाटतो: ओरखडा असलेले मूळ अ‍ॅनोडायझिंग हे नव्याने केलेल्या निर्दोष अ‍ॅनोडायझिंगपेक्षा श्रेष्ठ. साठ वर्षांपूर्वी कारखान्याने दिलेला तो थर अजून तिथे आहे, ही साधी गोष्ट नव्हे.

धुऊन वाळवलेल्या चाकावर कार्नौबा मेणाचा पातळ हात द्यावा. हे मेण 82 ते 86 अंशांना वितळते, त्यामुळे घाटात ब्रेक तापले की ते टिकत नाही आणि दर काही महिन्यांनी लावावे लागते. त्यात वाईट काही नाही. जे सहज निघते, ते नुकसान न करता निघते. चाक उतरवले असताना मागची बाजूही तेवढ्याच निगुतीने धुवावी, कारण ब्रेकची धूळ तिथेच सर्वाधिक साठते. हब लोखंडी, चाक अ‍ॅल्युमिनियमचे. दोघांमध्ये ओलावा आला की विजेच्या घटासारखी क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि चाक हबला चिकटून बसते. तेवढ्या सपाट भागावर गंजरोधक पेस्टचा अगदी पातळ थर पुरतो. 911 चे मूळ नटही अ‍ॅल्युमिनियमचेच आहेत. त्यांना साधा पाना लावला की कोपरे चेपतात, म्हणून आतून प्लास्टिक असलेला सॉकेट घ्यावा, नट हाताने बसवावेत आणि टॉर्क पान्याने 130 न्यूटन-मीटरला आवळावेत.