परसातील मधुमका : पेरणी व काढणीची वेळ

जवळा बाजार व भोवतालच्या हिंगोली जिल्ह्यात ज्वारीचा हुरडा सर्वांच्या परिचयाचा आहे. हुरड्याचे दिवस थोडे असतात. दाणा निबर झाला की ती गोडी पुन्हा मिळत नाही. परसात मधुमका लावणाऱ्यानेही हे ध्यानी ठेवावे.

साध्या मक्याच्या दाण्यात शर्करेचे रूपांतर वेगाने पिष्टात होते. मधुमक्यात एका अप्रभावी आनुवंशिक गुणामुळे हे रूपांतर मंदावते. त्याचे वाळलेले बी सुरकुतलेले दिसते, ते पिष्ट कमी असल्यामुळेच. मात्र शेजारच्या शेतातील साध्या मक्याचे पराग वाऱ्याने येऊन कणसावर पडल्यास त्याच हंगामातील दाणे पिष्टमय होतात. म्हणून दोन्ही पिकांना एकाच वेळी तुरे येणार नाहीत, अशा बेताने पेरणीत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

कणसाचा प्रत्येक केस एका दाण्याशी जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडत नाही, त्याचा दाणा भरत नाही. कुंपणालगत एकच लांब ओळ लावल्यास पराग वाऱ्याबरोबर वाया जातात व कणसे बोडखी राहतात. त्याऐवजी तेवढीच रोपे चार आखूड ओळींच्या चौकोनी वाफ्यात लावावीत. दोन ओळींत ६० व दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर पुरते. काळ्या जमिनीत पाणी साचते आणि ते मक्यास सोसत नाही. म्हणून पावसाळ्यात वरंब्यावर लागवड करावी. तुरा व केस येण्याच्या सुमारास मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नये. २०१८ साली भारतात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यात शिरून पाने कुरतडते. परसातील थोड्या रोपांवरील अंडीपुंज व अळ्या हाताने वेचून नष्ट करता येतात.

केस बाहेर पडल्यापासून सुमारे १८ ते २२ दिवसांत कणीस काढणीस येते. थंडीत काही दिवस अधिक लागतात. केस तपकिरी होऊन सुकले म्हणजे वरचे पान किंचित सोलून दाण्यास नख लावावे. पाण्यासारखा रस निघाला तर थांबावे. दुधाळ निघाला तर त्याच दिवशी काढावे. दाणा पिठूळ लागला तर वेळ टळली असे समजावे.

तोडल्यानंतरही दाण्यातील घडामोड थांबत नाही. जुन्या प्रकारच्या मधुमक्यातील निम्म्याहून अधिक शर्करा ३० अंश सेल्सिअस तापमानात एका दिवसात नाहीशी होऊ शकते. १९५३ साली लॉघनन ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने वर्णिलेल्या दुसऱ्या गुणावर आधारलेले अतिगोड वाण अधिक टिकतात. तरीही कणीस सकाळच्या थंड वेळी तोडून लगेच चुलीवर ठेवावे. बाजारातल्या कणसास न मिळणारा हा लाभ परसातील कणसास सहज मिळतो.