पेटंटाआधीचा शोध

माघ-फाल्गुनात इस्लामपूर, आष्टा या बाजूला गेलात, तर हळद शिजवण्याचा वास शिवारभर दरवळत असतो. पूर्वी मोठ्या काहिलीत हळद शिजवीत. आता पुष्कळ ठिकाणी वाफेवरचे कुकर आले आहेत. समजा, इस्लामपुरातल्या एखाद्या कारागिराने या कुकरात काही सुधारणा केली. जळण कमी लागू लागले, जाड-बारीक कंद सारखे शिजू लागले. बघणारे म्हणतात, "अहो, पेटंट घेऊन टाका की!" घ्यावे, जरूर घ्यावे. पण फी आणि वकिलाचा खर्च करण्याआधी एक काम घरबसल्या, फुकट करता येते. ही युक्ती आधी कुणी नोंदवली आहे का, ते पाहायचे.

पेटंट म्हणजे नव्या युक्तीसाठी सरकारने दिलेला मुदतीचा मक्ता. आपल्याकडे तो अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा असतो. त्याच्या बदल्यात युक्ती कशी चालते, ते सगळे लिहून जाहीर करावे लागते. ही लिहिलेली कागदपत्रे आता इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. आणि युक्ती 'नवी' म्हणजे साऱ्या जगात नवी हवी, नुसती वाळवे तालुक्यात नव्हे.

शोध नीट झाला नाही तर काय होते, हे हळदीनेच दाखवून दिले आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीने जखम भरून आणण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले. आपल्याकडची कोणतीही आजी हे ऐकून हसली असती! पण आजीचे हसू हा पुरावा होत नाही, पुरावा छापील लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने हरकत घेतली आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला लेखही होता. १९९७ साली अमेरिकन कार्यालयाने त्या पेटंटाचे सगळे दावे नाकारले. माहिती जगात होती, तपासणाऱ्याच्या हाताशी मात्र नव्हती.

आता आपला कारागीर. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'इनपास' नावाची शोधसोय आहे. तिथे 'प्रसिद्ध झालेले अर्ज' आणि 'मंजूर पेटंटे' अशा दोन चौकटी दिसतात, दोन्ही निवडाव्यात. परदेशातल्यांसाठी युरोपीय पेटंट कार्यालयाचे 'एस्पासनेट' आहे, त्यात १५ कोटींहून अधिक कागद आहेत. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे 'पेटंटस्कोप' आणि 'गूगल पेटंट्स' हीही फुकटच.

खरी मेख शब्दांत आहे. आपण म्हणू 'हळद शिजवण्याचा कुकर', म्हणून इंग्रजीत 'टर्मरिक कुकर' घालून पाहू आणि हाती फारसे काही लागले नाही की खूश होऊ. पण अर्ज लिहिणारा वकील त्यालाच 'कंद वाफवण्याचे उपकरण' म्हणतो. हळदीऐवजी शास्त्रीय नाव 'कर्क्युमा' लिहितो, शिजवण्याला 'बॉयलिंग', 'स्टीमिंग', 'क्युअरिंग' यांपैकी काहीही म्हणतो. म्हणून आधी कागदावर दोन रकाने आखावेत: वस्तूची नावे एकीकडे, ती काय करते याची दुसरीकडे. मग त्यांच्या जोड्या लावून शोधावे. इंग्रजीचे अडत असेल, तर राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी शेजारी बसवावा.

एक कागद जुळता सापडला की त्यावरचा वर्ग-क्रमांक टिपून घ्यावा. ग्रंथालयात पुस्तकांना असतात तसे पेटंटांनाही वर्ग असतात, आणि ते भाषेवर अवलंबून नसतात. उभा ऊस तोडणाऱ्या यंत्रांचा वर्ग 'ए ०१ डी ४५/१०'. तो टाकला की इंग्रजी, जपानी, पोर्तुगीज असे सगळ्या भाषांतले कागद एका जागी येतात. शिवाय त्या कागदात आधीच्या ज्या पेटंटांचे उल्लेख असतील, तेही उघडून पाहावेत.

वाचताना चित्रांवर भुलू नये. शेवटी 'दावे' दिलेले असतात, हक्क तेवढ्यापुरताच. आपला कुकर त्या दाव्यातल्या प्रत्येक अंगाशी जुळतो का, हे ताडून पाहावे.

इथे एका फरकाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. एखादी युक्ती ब्राझीलमध्ये नोंदलेली असून भारतात त्यासाठी पेटंट घेतलेलेच नसेल, तर तुम्हाला तिचे पेटंट मिळणार नाही. पण त्या ब्राझीलच्या पेटंटाच्या जोरावर इथे वस्तू करण्यापासून तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. मुदत संपलेल्या पेटंटांचेही तसेच. म्हणजे हा शोध कधी कधी फुकटची शिकवणीच ठरतो.

दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तेव्हा अगदी ताजे अर्ज कितीही शोधले तरी दिसायचे नाहीत. आणि स्वतःच्या कुकराची चित्रफीत अर्जाआधी इंटरनेटवर टाकू नये. तपासनीस तीच पुढे करून म्हणेल, ही युक्ती तर आधीच जाहीर आहे! महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, आणि ते आता घरूनही इंटरनेटवर भरता येतात.