युरियातला नत्र जातो कुठे?



लागणीच्या प्लॉटवर गेलो की "साहेब, शेजाऱ्यानं आठ पोती टाकली, मग मीच का मागं राहू?" हा प्रश्न ठरलेलाच. म्हणून पोत्यातल्या नत्राचा हिशेब इथे मांडतो आहोत.

युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात पावणेएकवीस किलोच्या आसपास नत्र असतो. जमिनीत पडल्यावर युरियाचा आधी अमोनिया होतो व पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. खत वरच्यावर फोकून दिले तर अमोनिया हवेत उडतो. मातीत मिसळले तर तो मातीच्या कणांना धरून राहतो. नायट्रेट मात्र कशालाच धरून राहात नाही. पाणी जाईल तिकडे जाते. रात्रभर सरीला पाणी सोडून घरी झोपले की नत्र मुळांच्या खाली उतरतो आणि हळूहळू विहीर गाठतो. 2015 पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. त्याने हे काम लांबते, थांबत नाही.

आता ही विहीर कुणाची? बहुधा वस्तीवर प्यायचे पाणी तिचेच. 1945 साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी दाखवून दिले, की विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात कालवलेल्या दुधाने तान्ही मुले निळी पडतात. रक्तातला प्राणवायू वाहण्याचा गुणच कमी होतो. सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला धोका जास्त. आपल्याकडे लिटरला 45 मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. पाण्याला रंग, वास काही येत नाही. आणि उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे ते उलट दाट होते. बाळाचे ओठ, नखे निळसर दिसली तर घरगुती उपाय करीत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. विहिरीजवळचा उकिरडा व संडासाचा खड्डाही तेवढाच दोषी, सगळा बोजा युरियावर घालणे बरोबर नाही.

सुरू उसाला शिफारस एकरी 100 किलो नत्राची, म्हणजे पाच पोती. लागणीला अर्धे, सहा ते आठ आठवड्यांनी दोन, बारा ते सोळा आठवड्यांनी अर्धे आणि मोठ्या बांधणीला दोन. आठ पोत्यांचा ऊस हिरवागार दिसतो खरा, पण लोळतो, पक्व व्हायला उशीर लावतो आणि उताराही घटवतो.

ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे, त्यांनी विहिरीचे पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. नमुना देताना "नायट्रेट बघा" असे आवर्जून सांगावे.