थंडीत जड होणारे स्टिअरिंग

सातपुड्यात तोरणमाळ वा डाब येथे, जेथे पौषातल्या पहाटे गवतावरील दवही गोठते, रात्रभर उघड्यावर राहिलेली जुनी जीप सुरू करावी, तर स्टिअरिंग हाताला जड लागते आणि बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येतो. चालकाच्या मनगटास साहाय्य करणारे बळ पंपाने दाबलेल्या तेलातून येते. थंडीतल्या काकवीसारखे दाट झालेले ते तेल अरुंद नळ्यांतून सावकाश सरकते, आणि पंपाची उपासमार होते. शिवाय तापमान १० अंशांनी उतरले, की टायरमधील दाब सुमारे २ पौंडांनी घटून रबर रस्त्यावर अधिक पसरते. इंजिन दोन-चार मिनिटे चालू ठेवावे. मात्र ऊब येऊनही जडपणा राहिला, तर घाट उतरण्यापूर्वी तेलाची पातळी अवश्य पाहावी. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या नव्या स्टिअरिंगात बहुधा हे तेलच नसते.