हेगचा पहारा, पऱ्हाटीतलं विष

रासायनिक अस्त्रांवर पहारा देणाऱ्या संस्थेवर लिहा, असं संपादक म्हणाले. संस्था नेदरलँड्समधल्या हेगला. मी गाठलं यवतमाळ. 2017 च्या हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, 20 हून अधिक दगावले. वापरातल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस होती. सरीन आणि टाबून ही युद्धातली विषं त्याच ऑर्गनोफॉस्फरस घराण्यातली. टाबून तर 1936 मध्ये गेऱ्हार्ड श्राडर यांना जर्मनीत कीटकनाशक शोधतानाच हाती लागलं.

संस्थेचा इतिहास थोडक्यात असा. 1993 मध्ये रासायनिक अस्त्रबंदीच्या करारावर सह्या झाल्या, 1997 मध्ये तो अमलात आला, 2013 मध्ये संस्थेला शांततेचं नोबेल मिळालं. भारतानेही आपला मस्टर्ड वायूचा साठा जाहीर केला आणि 2009 पर्यंत नष्ट केला.

मला मात्र खिळवून ठेवलं ते शरीरातल्या अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराने. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की निरोप्या रसायन लगेच मोडून टाकायचं, एवढंच त्याचं काम. विष या विकरालाच चिकटतं आणि निरोप थांबतच नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घामाच्या धारा लागतात, छाती पाण्याने भरते. उतारा अॅट्रोपिनचा. छातीला स्टेथोस्कोप लावायचा, घरघर ऐकायची, डोस वाढवायचा. फुप्फुसं कोरडी होईपर्यंत हेच. जोडीला प्रॅलिडॉक्सिम विकराची सुटका करतं, पण उशीर झाला तर विषाची पकड कायमची होते. सरीनसारख्या विषाच्या हल्ल्यापासून बचावासाठी सैनिकांना देतात तीही याच जातीची औषधं.

अडचण पुढे आहे. करार रेणूपेक्षा हेतू पाहतो. शेतीसाठीचं विष त्याला चालतं. वर्षाला 30 टनांहून अधिक फॉस्फरसयुक्त सेंद्रिय रसायन बनवणाऱ्या कारखान्याची नोंद द्यावी लागते, उत्पादन 200 टनांहून अधिक असेल तर तिथे निरीक्षकही येऊ शकतात. बाटली कृषी सेवा केंद्राच्या फळीवर आली की हा पहारा संपतो. पुढे डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, पाठीवर पंप, एकाच टाकीत दोन-तीन औषधं आणि उकाड्यात अंगावर न टिकणारा संरक्षक पोशाख. फवारणारा बहुधा रोजंदार. बाटलीवरची बारीक अक्षरं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

अस्त्रासाठी जगाने कायदा, प्रयोगशाळा, निरीक्षक उभे केले. फवारणीच्या दिवसांत प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अॅट्रोपिन, प्रॅलिडॉक्सिम आणि कोलिनएस्टरेजची रक्तचाचणी असावी, ही मागणी त्यापुढे अगदी लहान आहे. ती हंगामाआधी पुरी व्हायला हवी.